परत आलं म्हणजे काय आलं?

मंगळवार, रात्री

दादाचा फोन होता. मावसोबांना यकृताचा तुकडा तोच देणार, हे आता नक्की झालंय. रक्तगट जुळला, स्कॅन झाले, तारखेची वाट आहे. नेहमीसारखी थट्टामस्करी झाली आणि फोन ठेवता ठेवता त्याने हळूच विचारलं, "अगं, तू बायॉलॉजीवाली. ते परत वाढतं म्हणतात ना? म्हणजे कापलं तिथून पुन्हा फुटतं?"

वाढतं, हे खरं. कापलं तिथून फुटत नाही, हेही तितकंच खरं. फोनवर घाईत सांगितलं, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

मोठ्या माणसाला यकृत द्यायचं असेल तर दात्याचा बहुधा उजवा खंड काढतात. एकूण यकृताच्या जवळजवळ ६० टक्के. तो खंड गेला तो गेला. दात्याच्या पोटात उरलेला डावा भाग मात्र मोठा व्हायला लागतो. एरवी शांत बसलेल्या यकृतपेशी आधी फुगतात आणि मग विभागायला लागतात. बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते, उरलेली पुढच्या काही महिन्यांत. वजन जवळपास पूर्वीइतकं होतं, काम पूर्ण चालतं, आकार मात्र वेगळाच राहतो. सगळे याला सर्रास रिजनरेशन म्हणतात, पुस्तकात पुनर्जनन असं छापतात. काटेकोर बोलायचं तर ही भरपाईची वाढ आहे.

हे प्रयोगाने मोजलं हिगिन्स आणि अँडरसन यांनी, १९३१ साली, उंदरांवर. यकृताचा दोन तृतीयांश भाग काढायचा आणि वजन करत राहायचं. आठवडा-दहा दिवसांत वजन भरून येतं. मला त्यापुढचा प्रश्न जास्त आवडतो: थांबायचं कधी, हे त्या पेशींना कळतं कसं? आतड्याकडून येणारं सगळं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात शिरतं. यकृत निम्म्याहून लहान झालं तरी रक्त तेवढंच येतं, म्हणजे उरलेल्या प्रत्येक पेशीवरचा बोजा एकदम वाढतो. तिथून 'वाढा' असा निरोप जातो. पित्ताम्लांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, तोही एक निरोप. बोजा उतरला की वाढ थांबते. म्हणजे यकृत आपला जुना आकार आठवत बसत नाही, शरीराची गरज मोजतं. लहान देहातलं यकृत मोठ्या देहात बसवलं तर तेही वाढून नव्या देहाच्या मापाचं होतं.

दादाला एवढं सांगितल्यावर म्हणाला, "म्हणजे काम भागेल, पण आतून बेढब दिसणार."

"कोण बघायला येतंय?"

"स्कॅनवाला येतोय की दर थोड्या दिवसांनी."

बुधवार

एकदा एखादा शब्द डोक्यात बसला की तो जिथेतिथे भेटायला लागतो. आज हा 'रिजनरेशन' इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीत, तिच्या ब्रेकसाठी, भेटला, मग शहर-नियोजनावरच्या एका लेखात. ख्रिस्ती धर्मशास्त्रात बाप्तिस्म्याच्या संदर्भात तो फार जुना आहे, पण त्यावर बोलायचा अधिकार माझा नाही.

ब्रेकवाला अर्थ मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. वेगातली गाडी थांबवताना मोटरच उलट जनित्रासारखी चालवायची. चाकांतली ऊर्जा, जी एरवी ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन गेली असती, ती बॅटरीत परत येते. सगळी येत नाही, आणि सगळी येते असं कुणी इंजिनिअर म्हणतही नाही. किती टक्के परत आली, एवढाच हिशेब. हीच कल्पना रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्रीने १८१६ सालच्या पेटंटमध्ये उष्णतेसाठी मांडली होती. गरम हवा जाताना आपली उष्णता वाटेतल्या धातूत ठेवून जाते आणि थंड हवा परत येताना ती उचलून घेते.

रेडिओतलं रिजनरेशन वेगळ्याच गावचं. १९१२ साली कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँगने व्हॉल्व्हमधून, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळीतून, बाहेर आलेला सिग्नल पुन्हा त्याच्याच तोंडाशी आणून सोडला. क्षीण सिग्नल पुन्हा पुन्हा फिरून दणदणीत झाला. जरा जास्त सोडला तर रेडिओ शिट्टी मारायला लागतो आणि घेणारं यंत्र स्वतःच लहरी सोडायला लागतं. या शोधावरून ली डी फॉरेस्ट या दुसऱ्या संशोधकाशी त्याचं वर्षानुवर्षं कोर्टकज्जं चाललं आणि १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. इंजिनिअरांच्या संस्थेने दिलेलं पदक तो परत करायला गेला, तर त्यांनी ते घेतलं नाही. गोष्ट मोठी आहे, पण यात 'परत येणं' म्हणजे फक्त फेरा मारणं. माझ्या विषयाशी नावापुरतंच नातं.

शहरांचं मात्र तसं नाही. जर्मनीतल्या ड्युइसबुर्गमधला लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला. भट्ट्या पाडल्या नाहीत. पेटर लाट्स या रचनाकाराने त्याच गंजक्या सांगाड्यांभोवती उद्यान केलं. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून आता लोक डायव्हिंग शिकतात. यात कुणीही 'पूर्वीसारखं झालं' असा आव आणत नाही, म्हणून मला ते पटतं. त्याउलट अनेक ठिकाणी 'पुनरुज्जीवन' म्हणून जुनी वस्ती चकचकीत होते आणि तिथले मूळ भाडेकरू भाडं परवडेना म्हणून लांब कुठेतरी गेलेले असतात. समाजशास्त्रज्ञ रुथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनबद्दल लिहिताना याला जेंट्रिफिकेशन हे नाव दिलं. अवयवातल्या पेशी बदलल्या तरी अवयव तोच म्हणता येतो. माणसं बदलल्यावर वस्ती तीच म्हणायची का? जाहिरातीत हा प्रश्न नसतो. इमारतींचे आधीचे आणि नंतरचे फोटो असतात.

शुक्रवार, बराच उशीर झालाय

आज त्रांब्लेचं वाचत बसले आणि जेवायचं राहून गेलं.

१७४० सालचा उन्हाळा, हेग शहराजवळची एक जहागीर. अब्राहम त्रांब्ले हा बेंटिंक घराण्यातल्या दोन मुलांचा शिक्षक. डबक्यातलं पाणी काचेच्या बरणीत आणायचं आणि मुलांना दाखवत बसायचं, हा त्याचा नाद. त्या पाण्यात त्याला हिरवी, अगदी बारीक, वर धाग्यांसारखे हात असलेली काहीतरी वस्तू दिसली. वनस्पती की प्राणी? हलत होती, आकसत होती, पण हिरवी होती. त्याने साधी परीक्षा ठरवली: मधोमध कापू. वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरेल.

दोन्ही तुकडे जगले. खालच्या तुकड्याला नवे हात आले, वरच्याला नवा बुडखा. परीक्षेच्या हिशेबाने ती वनस्पती ठरली. पण तीच वनस्पती चालत होती आणि पाण्यातले बारीक जीव धरून गिळत होती. मग त्याने ठरवलं की परीक्षाच चुकीची, हा प्राणीच आहे. माणसाने एक कोडं सोडवायला सुरी उचलावी आणि त्यातून दुसरं, कितीतरी मोठं कोडं निघावं, याचं इतकं छान उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पुढे त्याने त्याच जीवाचं डोकं उभं चिरून अनेक डोकी करून दाखवली. डुकराच्या राठ केसाने मोज्यासारखा आतला भाग बाहेर काढला, तरीही ते जगलं. हायड्रा हे नाव, जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने नंतर दिलं. १७४४ साली त्रांब्लेचा ग्रंथ आला तेव्हा युरोपात वाद पेटला. तुकड्या-तुकड्यातून पूर्ण प्राणी होत असेल तर आत्मा कुठल्या तुकड्यात होता?

आपल्याकडे रक्तबीजाची कथा लहानपणीच ऐकलेली असते, त्यामुळे आपल्याला याचं फार नवल वाटू नये. पण रक्तबीजही प्लॅनेरियासमोर फिका आहे. टॉमस हंट मॉर्गनने या चपट्या कृमीचे तुकडे करत करत, मूळ देहाच्या २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण कृमी होतो असं दाखवल्याचं सांगतात. फळमाश्यांवरच्या कामासाठी १९३३ साली नोबेल मिळालेला तो हाच मॉर्गन. त्याआधी तो या विषयात बुडालेला होता. १९०१ साली त्याने पुनर्जननावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि दोन प्रकार वेगळे केले. एकात उरलेलाच ऐवज पुन्हा मांडून छोटा, पण पूर्ण जीव होतो. दुसऱ्यात कापलेल्या जागी नव्या पेशी वाढून अवयव तयार होतो.

दुसऱ्या प्रकारातला उस्ताद म्हणजे अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलमँडर जातीचा उभयचर, मेक्सिकोतल्या सोचिमिल्को सरोवराचा रहिवासी. त्याचा पाय तुटला की काही तासांतच जखमेवर त्वचेच्या पेशी सरकून पातळ झाकण तयार होतं. इथपर्यंत आपल्यासारखंच. पुढे आपल्याकडे त्या झाकणाखाली तंतू भरतात आणि व्रण होतो. त्याच्याकडे झाकणाखालच्या पेशी आपापला पेशा सोडून एकत्र येतात आणि टोकाला एक गुळगुळीत गाठ दिसायला लागते. तिला ब्लास्टेमा म्हणतात. चेतातंतू पोचले नाहीत तर गाठ वाढत नाही. २०१३ साली हेही दिसलं की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, काढून टाकल्या तर पाय उगवत नाही, तिथे आपल्यासारखाच व्रण होतो.

ती गाठ पत्ता जाणते. मनगटापाशी कापलं तर फक्त पंजा येतो, खांद्यापाशी कापलं तर पूर्ण हात. जेवढं गेलं तेवढंच. या पत्त्यात खाडाखोडही करता येते. १९८२ साली माल्कम मेडनने मनगटाशी कापलेल्या पिल्लांना 'अ' जीवनसत्त्वाच्या वर्गातलं द्रव्य दिलं. मग मनगटातून पंजा नाही, अख्खा हात आला: पुन्हा दंड, पुन्हा कोपर, पुन्हा मनगट. गाठीला वाटलं आपण खांद्यापाशी आहोत. यकृत बोजा मोजतं, ही गाठ जागा मोजते. म्हणूनच एकाचं वजन परत येतं आणि दुसऱ्याचा आकार. या दोन्हींना एकाच शब्दात बसवतो म्हणून दादासारख्या शहाण्या माणसालाही वाटतं की कापलं तिथून फुटेल.

लिहिता लिहिता वर पाहिलं तर ट्यूबलाइटच्या कडेला पाल. शेपटीचा पुढचा अर्धा भाग अंगावरच्यासारखा पट्टेरी, आणि एका रेषेनंतर एकदम सपक, एकरंगी, जरासा जाड. म्हणजे ती कधीतरी शेपूट टाकून पळालेली. नव्या भागात मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते. पालीच्या मूळ शेपटीच्या मणक्यांमध्ये तुटायच्या जागा आधीच आखलेल्या असतात. नव्या भागात त्या नाहीत. पुढच्या वेळी जीव वाचवायचा झाला तर तिला जुन्या भागातूनच, अंगाच्या आणखी जवळ तोडावं लागेल. शेपटीचं काम ती नळी चालवते, पण ती युक्ती दर वेळी थोडी थोडी संपत जाते. बराच वेळ ती रेषा बघत बसले. नंतर ती ट्यूबमागे गेली.

आपलं काय, हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. झेब्राफिश या छोट्या माशाच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत भरून येतो, हे २००२ साली दिसलं. एका दिवसाच्या उंदराच्या पिल्लालाही हे जमतं. तेच पिल्लू सात दिवसांचं झालं की जमत नाही, तिथे व्रण येतो. २०११ सालचं हे काम वाचून मला नेहमी चिडचिड होते. कला अंगात होती, आठवड्यात गेली! पण कोरड्यावर राहणाऱ्या, गरम रक्ताच्या, सतत पळणाऱ्या प्राण्याला उघडी जखम घेऊन महिनोन्‌महिने बसणं परवडलं नसतं. व्रणाला आपण नावं ठेवतो. त्याने रक्तस्राव आणि जंतू दोन्ही आवरले, म्हणून आपण आहोत. माणसात उरलंय ते बोटाच्या टोकाशी. १९७४ साली शेफिल्डच्या सिंथिया इलिंगवर्थ या डॉक्टरबाईंनी नोंदवलं की लहान मुलांचं तुटलेलं टोक, टाके न घालता स्वच्छ झाकून ठेवलं, तर नखासकट परत येतं. नखाखालचा भाग शाबूत हवा. त्याच्या मागून तुटलं की संपलं.

रविवार

सकाळी दादाने एक चित्रफीत पाठवली: ओसाड टेकडी, मग झाडं, वर संगीत. खाली लिहिलेलं, 'बघ, यालाही तुझा शब्द लावलाय.'

वनखात्यांमध्ये 'नैसर्गिक पुनर्जनन' हा रोजच्या कामातला शब्द आहे. रोपं न लावता बियाण्यातून आणि फुटव्यांतून जंगल आपलं आपण येऊ देणं. किती आलं हे मोजायला गेलं की यकृताहून मजेशीर उत्तर मिळतं. उष्ण कटिबंधातल्या, शेती सोडून दिलेल्या जमिनींवरचा एक मोठा अभ्यास २०२१ साली आला. जंगलाचे १२ गुणधर्म वेगवेगळे मोजले. मातीचा कस दहा वर्षांच्या आत जुन्या जंगलाच्या ९० टक्क्यांपर्यंत येतो. झाडांच्या पाना-खोडांचे गुण २५ वर्षांच्या आत. जंगलाची ठेवण आणि प्रजातींची संख्या २५ ते ६० वर्षांत. एकूण वजन आणि नेमक्या कुठल्या प्रजाती हे यायला १२० वर्षांहून जास्त. यकृतात वजन सगळ्यांत आधी भरतं, जंगलात सगळ्यांत शेवटी. वीस वर्षांत सरासरी ७८ टक्के भरून येतं, हे वाचून आनंद होतो. पण कुठले ७८, हे विचारायलाच हवं. झाडं संख्येने तेवढीच असतील आणि जुन्यांपैकी फारशी नसतीलही.

चित्रफीत टोनी रिनाउडोच्या कामाची निघाली. हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ ऐंशीच्या दशकात नायजर देशात मराडी भागात झाडं लावत होता आणि रोपं मरत होती. १९८३ साली त्याच्या लक्षात आलं की रानात सगळीकडे दिसणारी खुरटी झुडपं ही झुडपं नाहीतच. तोडलेल्या झाडांचे ते फुटवे आहेत, खाली मुळं जिवंत आहेत. मग रोपवाटिका बाजूला राहिली. शेतकऱ्यांनी प्रत्येक खुंटावरचे मोजके जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे आणि गुरांपासून जपायचे. मूळ आधीच खोल गेलेलं असल्याने फुटवा भराभर वाढतो. पुढे जवळपास ५० लाख हेक्टरांवर असं झाड आलं. २०१८ साली रिनाउडोला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. जादूच्या थाटात ही गोष्ट सांगतात तेव्हा एक तपशील गळतो. कायद्याने झाड सरकारचं होतं, त्यामुळे शेतकऱ्याने ते जपावं कशाला? राखलेल्या झाडाचं लाकूड आपलं, हा भरवसा आल्यावरच फुटवे टिकले. मुळं आधीही जिवंतच होती.

'रिजनरेटिव्ह' हे विशेषण मात्र आता शेतापासून शाम्पूपर्यंत सगळ्याला चिकटतंय. शेतीत ते रॉबर्ट रोडेल यांनी ऐंशीच्या दशकात रुळवलं, तेव्हा त्यात मातीबद्दल काही ठोस म्हणणं होतं. आता बाटलीवर लिहिलेलं दिसलं की मी विचारते, काय परत आलं, कशाच्या तुलनेत आणि कुणी मोजलं? बाटली गप्प असते.

दादाला एवढंच लिहिलं की शब्द माझा नाही, पण खुंटांची गोष्ट खरी आहे.

सोमवार

ऑफिसात एका सहकाऱ्याने कॉम्प्युटरच्या मेमरीबद्दल सांगितलं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सारखा गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी वाचून पुन्हा लिहाव्या लागतात. वाचतानाही भार पुसला जातो, तोही लगेच परत भरावा लागतो. रॉबर्ट डेनार्ड यांची ही रचना १९६० च्या दशकातली. तिथे भार जुना राहतच नाही, मजकूर तेवढा राहतो, आणि तोही वीज असेपर्यंत.

यावरून तो सहकारी म्हणाला, "आपलंही तसंच, दर सात वर्षांनी शरीर पूर्ण नवं होतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात, हाडांचा सुमारे दहावा हिस्सा वर्षाला नव्याने घडतो. पण सगळं नाही. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने हे मोजायला अणुचाचण्यांचा उपयोग करून घेतला. पन्नासच्या दशकात आणि साठच्या सुरुवातीला हवेत झालेल्या स्फोटांनी वातावरणातला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला, हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएमध्ये बंद होतो, म्हणजे जन्मसालाचा शिक्काच. २००९ साली त्यांनी हृदयाचे आकडे दिले: पंचविसाव्या वर्षी वर्षाला १ टक्का स्नायुपेशी बदलतात, पंच्याहत्तराव्या वर्षी ०.४५ टक्के. अख्ख्या आयुष्यात निम्म्याही बदलत नाहीत. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशी तर ज्याच्या त्याच्या वयाच्याच.

सहकाऱ्याला ते वाचायला पाठवलं. सात वर्षांचं वाक्य यापुढे कुणीही ऐकवलं तर त्यालाही हेच पाठवणार आहे.